चौथ्या शब्दाला मिठी

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे. तुम्ही पाठीला लावून शाळेत नेता ती नव्हे. मला पट्टा नाही, कप्पा नाही, आणि माझ्यात कोणी डबा ठेवत नाही. मी साखळीला लटकते आणि मार खाते. मुष्टियुद्ध शिकणारी माणसे आधी मला मारतात, मग एकमेकांना. इतकी वर्षे माझे तोंड शिवलेलेच होते. आज तुमच्यासाठी ते थोडे उसवते.

माझा जन्म गादीच्या दुकानात झाला. दुकान चालवणारी बाई सगळ्यांची मावशी. तिने ट्रकवरची जुनी ताडपत्री कापली, दुहेरी केली, दाभणाने शिवली आणि बुडाला चामड्याचा गोल तुकडा लावला. आत भरायला चिंध्या होत्या. फाटके सदरे, दवाखान्यातल्या चादरी, खिडक्यांचे पडदे, आणि कुणाचा तरी लग्नातला कोट. कोटाचे एक बटण काढायचे राहून गेले. ते मला डाव्या कुशीत टोचत असे, म्हणून आपल्याला डावी कूस आहे हे मला कळले.

दुकानाच्या वर तालीम होती. मावशीने मला जिन्यावरून ओढत वर नेले आणि वस्तादांच्या पुढ्यात टाकले.

"घ्या, पोरगी तुमच्या हवाली केली. मारायचं तेवढं मारा, पण तिची आबाळ करू नका. अधूनमधून खाली उतरवा, उलटी टांगा, तोंड सोडून आतलं मोकळं करा. लटकणाऱ्याचं सगळं बुडाशी जातं, वस्ताद. वर पोकळ आणि खाली दगड होतो. मग पोरांची मनगटं मोडली तर मला बोल लावू नका."

"माझ्याही बुडाशीच गेलंय सगळं," वस्ताद म्हणाले. "मला कोण उलटं टांगतंय?"

"सांगा, आत्ता टांगते."

अशी माझी पाठवणी झाली.

वस्तादांचे नाक चपटे होते आणि एक कान वाळक्या पानासारखा चुरगळलेला होता. तरुणपणी ते जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला होते. एकदा जेवणाच्या रांगेत ते मधेच घुसले. जहाजावरचा स्वयंपाकी स्पॅनिश बोलणारा होता. त्याने पळी खाली ठेवली, हात पुसले आणि वस्तादांचे पुढचे दोन दात पाडले. शुद्धीवर आल्यावर वस्ताद त्याला म्हणाले, "हे मला शिकव."

त्या माणसाची शिकवायची रीत वेगळी होती. तो ठोसे मोजत नसे. तो क्रियापद चालवत असे. तुम्ही शाळेत म्हणता ना, मी करतो, तू करतोस, तो करतो, अगदी तसे. त्याने निवडलेले क्रियापद होते 'देणे'. स्पॅनिशमध्ये त्याची वर्तमानकाळातली रूपे सहा: दोय, दास, दा, दामोस, दाइस, दान. एकेका रूपाला एकेक कृती. वस्तादांनी त्याला विचारले होते की सरळ एक, दोन, तीन का म्हणत नाहीस. त्यावर तो म्हणाला होता, आकडे एकट्यालाही मोजता येतात, देणे एकट्याला जमत नाही.

तीच रीत वस्तादांनी आमच्या तालमीत आणली. नव्या पोरांना वाटे की ही त्या भाषेतली सहापर्यंतची मोजणी आहे. एकाने तर बाजारात जाऊन "दान अंडी द्या" म्हणून ऐटीत मागितली, आणि अंडीवाल्याने त्याला फुकट्या म्हणून हाकलले. तेव्हापासून वस्ताद प्रत्येकाला माझ्यासमोर उभे करून समजावू लागले.

"दोय म्हणजे मी देतो. डावा हात सरळ. दास, तू देतोस. उजवा सरळ. दा म्हणजे तो देतो, ती देते, त्यांच्यात दोघांना एकच. डावा बाजूने, आकड्यासारखा. दाइस, तुम्ही देता. खाली बरगडीत, दोन्ही बाजूंनी. दान, ते देतात. हनुवटीखालून वर. संपला माणूस."

"वस्ताद, सगळीकडे दा-दा आणि पहिल्यालाच दो कसं?"

"मी मी करणारा कधी सरळ चालतो का? तेवढं एक वाकडंच पाठ करायचं."

"आणि चौथं राहिलं."

चौथे वस्ताद मुद्दाम मागे ठेवत. दामोस. त्यांनी स्वयंपाक्याला विचारले होते की हे 'आम्ही देतो' की 'आपण देतो'? त्या भाषेत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे त्याला प्रश्नच कळला नाही. वस्तादांनी हातवारे करून पुन्हा विचारले. तेव्हा त्याने पुढे येऊन वस्तादांना दोन्ही हातांनी आवळून धरले, डोके त्यांच्या खांद्यावर टेकवले आणि एक लांब श्वास घेतला. वस्ताद समजले, 'आपण'.

म्हणून आमच्या तालमीत चौथ्याला ठोसा नव्हता. चौथ्याला मिठी होती. "प्रेमाबिमाची नाही रे," वस्ताद ओरडत. "त्याचे हात बांधायची! आणि आपले पण! तीन दिल्यावर माणूस आंधळा होतो. चौथ्याला थांबायचं, श्वास घ्यायचा, समोर कोण आहे ते बघायचं. आणि मी 'सुटा' म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

असा मी मारही खाल्ला आणि मिठ्याही खाल्ल्या. कोणत्या बॅगेच्या नशिबी एवढे असते?

माझ्यावर शिकलेल्यांत दोघे भाऊ होते. थोरला आणि धाकटा. थोरल्याचा उजवा हात असा होता की ठोसा पडला की माझ्या पाठीमागची भिंत ऐकत असे. तो अबोल होता. सहाही शब्द नीट म्हणायचा, आणि दामोसला मला अशी घट्ट धरायचा की त्याच्या छातीची धडधड माझ्या चिंध्यांत उतरायची. वस्तादांनी त्याला एका मोठ्या लढतीसाठी तयार केले होते. जिंकला असता तर त्याला बाहेरच्या मोठ्या तालमीत जागा मिळणार होती. घरी आई त्या दिवसाची वाट बघत होती आणि इथे आम्ही सगळे.

धाकटा उतावळा. त्याचे हात विजेसारखे चालायचे, पण चौथा शब्द त्याच्या घशाखाली कधी उतरला नाही.

"दोय, दास, दा, दाइस, दान!"

"चौथं कुठं गेलं?" वस्ताद विचारत.

"गिळलं, वस्ताद."

"ओक बाहेर."

"अहो, पोत्याला मिठ्या मारायला मी काय हिचा नवरा आहे? तेवढ्या वेळात आणखी दोन पडतात."

सगळे हसायचे. थोरलाही हसायचा. मग धाकट्याच्या टाळक्यात टपली मारून म्हणायचा, "हस, हस. एक दिवस कोणीतरी तुझं चौथं काढेल."

दोघे पत्र्याच्या डब्यांची झाकणे बनवणाऱ्या कारखान्यात एकाच प्रेसवर कामाला होते. थोरला पत्रा आत सरकवायचा, धाकटा पायाने पेडल दाबायचा, की वरचा लोखंडी ठोकळा खाली येऊन झाकण कापायचा. मशीनपुढे जाळी होती, पण तिच्यामुळे काम रेंगाळते म्हणून दोघांनी ती काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. तिथल्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून त्यांनी आमचे सहा शब्द कामाला लावले. दोय म्हटले की पत्रा आत. दास म्हटले की सरळ. दा म्हटले की कोपरा टेकला. दामोसला दोघेही मागे, हात बाहेर. दाइसला पेडल. दान म्हटले की झाकण खाली. दोघे मोठ्याने ओरडत काम करायचे, आणि बाकीचे कामगार त्यांना "मंत्रवाले" म्हणायचे.

सुट्टीच्या आदल्या दिवशी ढीग संपवून लवकर निघायचे होते. धाकटा घाईत होता.

"दोय, दास, दा, दाइस!"

तो चौथा गिळून गेला. थोरल्याचा हात आत होता.

हे मी पाहिले नाही, मित्रांनो. मला हे तालमीतल्या बोलण्यातून कळले. थोरल्याच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा उरला. तो ओरडलादेखील नाही म्हणे. त्याने मशीनकडे बघितले, मग भावाकडे बघितले आणि उरलेला शब्द म्हणाला, "दान."

त्यानंतर थोरला तालमीत आला नाही. घरातही तो भावाशी बोलत नव्हता. आई दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढायची. त्याच हिवाळ्यात वस्तादांना झटका आला, त्यांची एक बाजू लुळी पडली आणि तोंड वाकडे झाले. ते खुर्चीत बसून राहायचे. पोरे पांगली. माझी साखळी गंजली. मला उतरवायची, उलटी करायची कोणाला आठवण राहिली नाही, आणि मावशी म्हणाली होती तसेच झाले. माझ्या चिंध्या खाली खाली बसत गेल्या. वरून मी पोकळ झाले, आणि बुडाशी दगड.

फक्त धाकटा येत राहिला. पण आता तो एकही शब्द म्हणत नसे. हाताला पट्ट्या बांधत नसे. उघड्या मुठींनी तो मला मारायचा, आणि मुद्दाम खाली, जिथे मी सगळ्यात कठीण होते तिथे. कातडी सोलली जायची, माझ्या ताडपत्रीवर रक्ताचे डाग पडायचे, ते वाळायचे, त्यांवर नवे पडायचे. एके दिवशी माझ्या बुडावर त्याच्या बोटाचे हाड मोडले. मला तो आवाज आतपर्यंत ऐकू आला. तो थांबला नाही.

मावशी जिना चढून आली. "मुडद्या, हाताचं काय केलंस हे? तिला उतरव आधी. बुड दगड झालंय तिचं."

"होऊ दे."

"हात मोडतील."

"तेच करतोय, मावशी."

 मावशीने पदराने त्याच्या मुठी पुसल्या. तो लहान मुलासारखा उभा राहिला.

लढतीचा दिवस जवळ आला, तसा भरवणाऱ्यांनी निरोप पाठवला की थोरला नाही तर दुसरा कोणी आहे का. वस्तादांनी वाकड्या तोंडाने धाकट्याचे नाव सांगितले. धाकट्याने मान खाली घातली, पण नाही म्हटले नाही. घरात कमावता तो एकटाच उरला होता. ही बातमी थोरल्याला बाहेरून कळली.

भर दुपारी तो जिना चढून आला. वस्ताद खुर्चीत होते, धाकटा माझ्यापुढे उभा होता. थोरल्याच्या डाव्या हातात पत्रा कापायची मोठी कात्री होती.

"माझा हात घेतलास," तो म्हणाला. "आता माझी लढतपण घेतोस?"

"दादा, मी नाही खेळत. आत्ता नाव काढतो."

"नाव काढतोस? हात काढून देतोस का परत?"

त्याने कात्री उचलली. मला वाटले, ती धाकट्याच्या पोटात जाणार. ती माझ्या पोटात गेली. छातीपासून खालपर्यंत त्याने मला टर्रकन फाडले. सदरे, चादरी, पडदे भळाभळा बाहेर आले. कोटाचे बटण फरशीवर टणटणत गेले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डाव्या कुशीला काही टोचेनासे झाले, आणि ते मुळीच बरे वाटले नाही.

"हिच्यासारखं तुझंही आतलं बघतो," थोरला म्हणाला.

धाकट्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मार, दादा."

"हात वर घे."

"नाही घेत. मार."

थोरल्याने कात्री लांब भिरकावली. "हातानेच मारीन. आहे तेवढ्या हाताने." आणि त्याने सुरुवात केली.

"दोय!" धाकट्याचे नाक फुटले. "दास!" हा त्याने उजव्या थोट्या हाताने मारला, आणि कोणाला जास्त दुखले ते मला सांगता येणार नाही, कारण दोघेही कळवळले. "दा!" कानाखाली बसला. आणि मग दात खाऊन, धाकट्यासारखाच चौथा गिळून, "दाइस! दान! असंच ना? असंच म्हणायचास ना तू?"

धाकटा झोकांडला आणि माझ्यावर येऊन रेलला. मी अर्धी रिकामी, पण साखळीने धरलेली. मी त्याला पडू दिले नाही. ते चांगले केले की वाईट, देव जाणे, कारण उभ्या माणसालाच मारता येते. त्याच्या पाठीतून प्रत्येक ठोसा मला पोचत होता. एवढी वर्षे मी ठोसे खाल्ले, पण मधे कोणाची हाडे कधी नव्हती. बरगडी मोडली ती मला त्याच्याइतकीच कळली. त्याचा डोळा सुजून मिटला. ओठातले रक्त माझ्या उघड्या चिंध्यांत झिरपले. थोरल्याला आता काही दिसत नव्हते. दोय, दास, दा, दाइस, दान. पुन्हा दोय.

"अरे मरेल तो!" मावशी दाभण हातात घेऊन जिन्यातून ओरडत आली. तिने थोरल्याचा सदरा मागून ओढला. त्याने कोपराने तिला ढकलले, ती चिंध्यांच्या ढिगात पडली. वस्तादांनी खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला आणि ते बाजूला कोसळले. फरशीवर गाल टेकवून ते काहीतरी म्हणू पाहत होते. तोंडातून फक्त लाळ येत होती.

"दोय! दास! दा!"

पुढचा ठोसा बरगडीत बसला असता. मोडकी बरगडी आत घुसली असती. आणि तेवढ्यात, फुटलेल्या ओठांतून, अगदी हळू आवाज आला.

"दामोस."

तो वस्तादांचा नव्हता. धाकट्याचा होता. माझ्यापुढे एवढी वर्षे जो शब्द त्याने कधी उच्चारला नव्हता, तो. त्याने पाठीमागचे हात सोडवले, माझा आधार सोडून पुढे झुकला आणि भावाला कवेत घेतले. डोके त्याच्या खांद्यावर टेकवले. वस्ताद शिकवत तसे अगदी बरोबर, कोपरे आत, हात आवळून.

थोरला त्याच्या पाठीवर थोट्या हाताने मारत राहिला. पण मिठीत मारायला जागा नसते. ते ठोसे थापट्यांसारखे पडू लागले.

"आत्ता आठवलं?" थोरला ओरडला. "आत्ता आठवलं होय रे तुला?"

"आत्ता आठवलं, दादा."

"सोड."

"नाही."

"सोड म्हणतो ना."

"वस्तादांनी 'सुटा' म्हटलेलं नाही अजून."

दोघांनी फरशीकडे पाहिले. वस्ताद तिथेच आडवे होते. त्यांचे डोळे उघडे होते आणि त्यांना सगळे ऐकू येत होते. मावशी त्यांना उठवायला धावली, त्यांनी चांगल्या हाताने तिला थांब अशी खूण केली. वाकड्या तोंडाने का होईना, दोन अक्षरांचा शब्द त्यांना म्हणता आला असता. त्यांनी म्हटला नाही.

थोरला आधी खाली सरकला. मग दोघेही तसेच धरलेले, माझ्या बाहेर पडलेल्या चिंध्यांवर बसले. थोरला रडत होता की दम खात होता, मला सांगता येत नाही. वस्तादांनी 'सुटा' म्हटलेच नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले की कोणी मारले. धाकटा म्हणाला, "बॅगेवर आदळलो." डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बॅगेला हात आहेत वाटतं." मावशी म्हणाली, "दीड आहे." हे तिनेच येऊन मला सांगितले, मला शिवताना.

धाकट्याच्या एका डोळ्याला आता धुरकट दिसते. ती लढत दोघांपैकी कोणीच खेळला नाही. आईने दोघांना पुन्हा एकत्र वाढायला कधी सुरुवात केली, हे मला माहीत नाही. एके दिवशी दोघे एकाच डब्यातून तालमीत जेवले, एवढे मी पाहिले. फारसे बोलत नव्हते. प्रेसची जाळी मात्र परत मशीनला बसली. धाकट्याने ती स्वतः बसवली आणि तिच्याजवळ उभा राहून कोणाला काढू देत नाही.

मावशीने मला पूर्ण रिकामी केले. चिंध्या उन्हात पसरल्या, झटकल्या, मोकळ्या केल्या. त्या दिवशीचे दोघा भावांचे रक्ताळलेले कपडेही तिने धुऊन माझ्यात कोंबले. ते एकमेकांजवळच आहेत, मला जाणवतात. बटण तिने शोधून आणले, हातात घेऊन बघितले आणि परत डाव्या कुशीत टाकले. "असू दे," म्हणाली, "सवय झालीय हिला." माझ्या पोटावर आता छातीपासून बुडापर्यंत जाड टाका आहे. नवी पोरे त्यावर बोट फिरवतात आणि विचारतात, "हिला काय झालं होतं?" थोरला सांगतो, "ऑपरेशन."

आता थोरला शिकवतो. उजव्या हाताने दाखवता येत नाही, म्हणून तो शब्द म्हणतो आणि धाकटा पोरांना धरून जागेवर उभे करतो. दोय, दास, दा. पोरे मन लावून मारतात. कोणी चौथा गिळला की धाकटा सगळ्यांना थांबवतो, मोठ्याने नाही, हलक्याने, आणि त्या पोराला परत पहिल्यापासून सुरू करायला लावतो. कितीही वेळ लागला तरी.

मित्रांनो, मला मारा. त्यासाठीच मी आहे, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. पण तुमच्या तालमीत, शाळेत, घराच्या अंगणात माझी कोणी बहीण लटकत असेल, तर तिला कधीमधी खाली उतरवा. उलटी टांगा. तोंड सोडून आतले मोकळे करा. नुसते लटकत ठेवले की सगळे बुडाशी जाऊन दगड होते, आणि मग पहिला हात मोडतो तो मारणाऱ्याचाच.

आणि चौथ्याला मिठी मारायला विसरू नका. घट्ट धरा. खुर्चीत वस्ताद बसलेले असतात, ते 'सुटा' म्हणेपर्यंत सोडायचे नाही. हल्ली त्यांना बोलायला वेळ लागतो असे सगळे म्हणतात. मी त्यांच्या समोरच लटकते. मला दिसते, ते मुद्दाम उशीर लावतात.